फ्रेंच तोंडी परीक्षा: खरी तयारी वाद घालण्याची

महोदय,

'अमुक महिन्यांत फ्रेंच बी-२ (म्हणजे भाषेची मध्यमाच्या वरची पातळी) हमखास' अशा जाहिराती झळकू लागल्या, की माझा फोन वाजू लागतो. मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. प्रश्न ठरलेला: "मॅडम, आता तोंडीला बसू ना?" पुस्तक संपलेले असते, ॲपवरचे धडे झालेले असतात, व्याकरणाच्या चाचणीतले गुणही बरे असतात. पण यावरून बोलण्याच्या तयारीचा अंदाज येत नाही, म्हणून हे पत्र.

डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत बी-२ च्या तोंडीला चिठ्ठ्या उचलून दोन विषय मिळतात, त्यांतला एक निवडायचा. छोटा उतारा असतो, तयारीला 30 मिनिटे आणि मग साधारण 20 मिनिटे परीक्षकांसमोर. त्यातली पहिली पाच-सात मिनिटे आपले मत मांडायचे. उरलेला मोठा वेळ परीक्षक ते मत खोडून काढायला बघतात. मुले मात्र घोकतात ते भाषणच!

घरून काम करण्याच्या बाजूने एक विद्यार्थिनी सुरेख बोलली. प्रस्तावना, मुद्दे, समारोप, सगळे जागच्या जागी. मी विचारले, "ज्यांना यंत्रासमोर उभे राहावेच लागते, त्या कामगारांचे काय?" ती म्हणाली, "वी, वी (हो, हो), तुमचे बरोबर आहे." आणि थांबली. एरवी हा विनय शोभला असता, तोंडी परीक्षेत तो अंगाशी येतो. तिच्यानंतरच्या मुलाने 'सर्त' (खरे आहे) म्हणत माझा आक्षेप अर्धा मान्य केला, लगेच 'मे' (पण) म्हणून परतवला. बोलताना एका शब्दाचे लिंग चुकले, त्याने स्वतःच सुधारले आणि पुढे गेला. त्याला मी खुशाल फॉर्म भर म्हणाले. गैरसमज होणार नाही अशा लहानसहान चुका या पातळीवर चालतात.

स्वतःला जोखायचे तर पूर्वी न वाचलेली एखादी बातमी घ्या. शब्दकोश बाजूला ठेवून अर्ध्या तासात फक्त मुद्दे टिपा, पूर्ण वाक्ये नकोत (ती लिहिली की माणूस वाचायलाच लागतो). बातमीचा सारांश सांगू नका, तिच्यातला वादाचा प्रश्न पकडा. समोर बऱ्यापैकी फ्रेंच येणारे कोणी बसवा आणि त्याला बजावा, की पटले तरी विरोधच करायचा. रेकॉर्डिंग ऐकताना चुका मोजत बसू नका. विरोध झाल्यावर नवे उदाहरण सुचले, की आधीचेच वाक्य मोठ्याने म्हटले? शब्द अडला तेव्हा वळसा घेऊन अर्थ पोचवला, की सरळ इंग्रजीत घुसलात? हे तपासा.

डेल्फला 100 पैकी 50 गुण लागतात आणि प्रत्येक विभागात 25 पैकी किमान 5. त्यामुळे तोंडीत जेमतेम गुण मिळूनही इतर विभागांच्या जोरावर प्रमाणपत्र हाती येते, तेही आयुष्यभराचे. कॅनडातल्या स्थलांतरासाठी टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या चाचण्या देणाऱ्यांना ही सवलत नाही. तिथे बोलण्याची पातळी वेगळी मोजतात, वाचनातले गुण मदतीला येत नाहीत.

तेव्हा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी शुल्क भरण्याआधी एवढे विचारावे: वादाचा सराव कोण घेणार आणि आठवड्यातून किती वेळ? उत्तरादाखल नमुना भाषणांची पीडीएफ पुढे आली, तर दुसरी शिकवणी शोधावी.

— एक फ्रेंच शिक्षिका