विजयनगर एका लढाईत, एका कारणाने बुडालं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला विजयनगरवरचा लेख वाचला, हंपीचं वर्णन मस्तच, पण 1565 च्या लढाईपाशी येऊन लेखकाने सगळं एका वाक्यात गुंडाळलं, की चार सुलतान धर्मासाठी एक झाले आणि हिंदू साम्राज्य संपलं. हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

तालिकोटच्या, म्हणजे याच 1565 च्या लढाईच्या, आधीचा काळ बघा ना. विजयनगरचा कारभार प्रत्यक्षात ज्याच्या हाती होता त्या रामरायाने तरुणपणी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडे चाकरी केलेली, पुढे त्याच घराण्यातला इब्राहिम भावाच्या भीतीने पळाला तर त्याला आसरा दिला रामरायानेच, कित्येक वर्षं तो विजयनगरात राहिला. विजापूरचा अली आदिलशहा तर याच रामरायाला सोबत घेऊन आपल्या नगरच्या निजामशहावर चालून आलेला! आणि मग 1565 ला हे दोघं, इब्राहिम आणि अली, त्याच्याच विरुद्ध उभे. रामराय कधी याच्या बाजूने कधी त्याच्या, आणि दरवेळी मुलूख पदरात पाडून घ्यायचा, ते शेवटी सगळ्यांनाच डोईजड झालं, असं आजचे बरेच इतिहासकार मांडतात आणि मला तेच पटतं. एकी तरी कशी झाली? हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला आंदण, ज्याच्यासाठी दोन्ही घराणी पिढ्यानपिढ्या भांडत होती.

धर्माचा काहीच संबंध नव्हता असं मी म्हणत नाही. रामरायाच्या फौजेने नगरकडे मशिदींची विटंबना केली असं फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो, लढाईनंतर हंपीतली देवळंही फोडली गेली. पण फिरिश्ता विजापूर दरबारचा, आणि लिहिलं पुढच्या पिढीत, हे लक्षात ठेवूनच वाचायला हवं ना. विजयनगर म्हणजे मुसलमानी आक्रमणापुढची हिंदू भिंत, हे चित्र रुजवलं 1900 साली रॉबर्ट स्युअल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकाने, तेच पुढे आपल्याकडच्या राष्ट्रवादी लेखकांनी उचललं. आता हंपीतच 1439 ची मशीद उभी आहे, दुसऱ्या देवरायाच्या पदरी असलेल्या अहमद खानाने राजाला पुण्य लाभावं म्हणून बांधलेली, शिलालेखच आहे तसा, तिला या चित्रात कुठे बसवायचं?

आणि राज्य त्या दिवशी संपलंही नाही. राजधानी पेनुकोंड्याला गेली, नंतर चंद्रगिरीला, 1639 ला इंग्रजांना मद्रासची जागा मिळाली ती याच राज्याच्या नायकाकडून, म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या सरदाराकडून. पण राजधानी उजाड झाल्यावर नायक एकेक करून मोकळे का होत गेले, महसूल कुठे अडला, यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही, आणि ऱ्हास समजायचा तर खरी मेख तिथेच आहे.

पुढच्या एखाद्या रविवारी या नायकांवर आणि 1565 नंतरच्या विजयनगरवर सविस्तर लेख द्या, ही मनापासून विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर