आजोबांच्या ट्रंकेतले नाणे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीच्या आधी माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत, मफलरच्या घडीतून जे मोठे पांढरट नाणे निघाले आणि ओळख पटवण्यासाठी जे मी इकडे घेऊन आले, त्याचा उलगडा झाला आहे. फोनवर सांगता आले असते, पण बाबांना प्रत्येक गोष्टीचे कारण लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, ते पदक असावे असे तुम्हाला वाटले यात नवल नाही. त्यावर किंमत नाही, देशाचे नाव नाही. एका बाजूला घोड्यावर बसलेली स्त्री आणि दुसऱ्या बाजूला फुलांच्या वेलबुट्टीत पक्षी व पळी, एवढेच. तरीही ते चलनी नाणेच आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीला 25 वर्षे झाली म्हणून ब्रिटनने ते 1977 मध्ये काढले. अशा मोठ्या नाण्याला तिकडे क्राउन म्हणतात. जुन्या हिशेबात क्राउन म्हणजे 5 शिलिंग. 1971 मध्ये पौंडाचे 100 पेन्स झाले तेव्हा त्याची किंमत 25 पेन्स ठरली, मात्र ती या नाण्यावर घातलेली नाही. राणीभोवतीची तुटक अक्षरे लॅटिन आहेत आणि त्यांचा अर्थ ‘ईश्वरकृपेने राणी, धर्मरक्षक’ असा होतो. 1948 पर्यंतच्या ब्रिटिश नाण्यांवर याच मजकुरात ‘भारताचा सम्राट’ अशीही अक्षरे असत. ती इथे नाहीत हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

मी आधी थोडी चकले होते, कारण 1953 च्या राज्याभिषेकाच्या क्राउनवरही राणी घोड्यावरच आहे. पण त्या नाण्यावर ‘पाच शिलिंग’ असे लिहिलेले असते आणि त्याच्या कडेवर अक्षरे कोरलेली असतात. आपल्या नाण्याच्या कडेवर नुसत्या बारीक उभ्या रेघा आहेत आणि साल तर स्वच्छ 1977 असे वाचता येते.

आई, तू भिंग न लावता ‘ही तर पळी’ म्हणालीस, ते अगदी खरे निघाले. राज्याभिषेकात राजाला किंवा राणीला पवित्र तेलाचा अभिषेक करतात, त्यासाठीची ती पळी आहे. शेजारचा पक्षी म्हणजे गरुडाच्या आकाराची सोन्याची कुपी असून तेल त्याच्या चोचीतून पळीत ओततात. पळीच्या खोलगट भागात मधोमध उंचवटा असतो, म्हणजे धर्मगुरूंना दोन बोटे दोन खळग्यांत बुडवता येतात. कुपी 1661 ची, दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी घडवलेली. पळी मात्र बाराव्या शतकातली. मधल्या काळात राजेशाही बुडाली तेव्हा जुने मुकुट वितळवले गेले, पण ही पळी वाचली. तुझ्या देवघरातली पंचपात्रातली पळी आणि ही पळी शेजारी ठेवून पाहावी, असे तेव्हापासून सारखे मनात येते आहे.

आता चांदीचा प्रश्न. हे नाणे सर्वसाधारणपणे तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचे असते, तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल. आपला त्या वेळचा रुपयाही याच धातूचा होता. पण संग्राहकांसाठी चांदीचीही काही नाणी काढली होती आणि त्यांचेही वजन 28.28 ग्रॅमच, म्हणून नुसते तोलून निर्णय होत नाही. शेवटी मी दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याला बांधून, तळाला टेकणार नाही असे पाण्यात सोडले. असे लटकते नाणे जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याचे वजन काटा दाखवतो, आणि त्याच वजनाची चांदी या मिश्रधातूपेक्षा कमी जागा व्यापते. चांदी असती तर काट्याने सुमारे 2.7 ग्रॅम दाखवले असते, त्याने 3.2 दाखवले. तीन वेळा करून पाहिले, आकडा तोच. म्हणजे चांदी नाही, बाबा. शिवाय अशी 3 कोटी 70 लाखांहून अधिक नाणी पाडली गेली होती, तेव्हा ते दुर्मीळही नाही. विकण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका, आणि आई, चिंच लावून ते घासू नकोस. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही. मी ते कागदी पाकिटात घालून दिवाळीला आणते.

एक काम मात्र तुम्हीच करू शकता. आजोबांचे बोटीवर चढल्या-उतरल्याच्या नोंदींचे निळे पुस्तक त्याच ट्रंकेत, पितळी दिव्याखाली आहे. त्यात 1977 सालचे पान काढून, ते त्या वर्षी कोणत्या बंदरात उतरले होते एवढे मला कळवावे. शाई पुसट असेल तर बाबांनी पान उजेडात धरून पाहावे आणि आईने लिहून घ्यावे.

कळावे.

तुमची लेक