भूल देण्यापूर्वी घराण्यातील आकस्मिक मृत्यूंची चौकशी व्हावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की कोकणात मुलांच्या टॉन्सिल, हर्निया अशा ठरवून करता येण्याजोग्या शस्त्रक्रिया उरकून घेतल्या जातात. धडधाकट मुलाचा ईसीजी त्यापूर्वी सहसा काढत नाहीत, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. परंतु ज्याच्यात ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ हा आनुवंशिक विकार दडलेला असेल, त्याला तो ठाऊक नसताना दिलेली भूल जिवावर बेतू शकते.

या विकारात हृदयाची रचना निर्दोष असते, मात्र प्रत्येक ठोक्यानंतर त्याच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत येण्यास वाजवीपेक्षा जास्त वेळ लागतो (ईसीजीवर तो ‘क्यूटी’ या अंतरावरून कळतो), आणि त्या अवधीत लय बिघडली तर हृदय नुसतेच थरथरत राहून माणूस कोसळतो. साधारण २००० जन्मांमागे एकाला हा दोष असतो. त्याच्या एका प्रकारात पोहण्याचे निमित्त पुरते. आपल्याकडे पट्टीचा पोहणारा तरुण संथ पाण्यात बुडाला, तर ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून विषय संपतो; कुणाला फिट येतात म्हणून वर्षानुवर्षे मिरगीच्या गोळ्या चालू राहतात आणि ईसीजी एकदाही निघत नाही. नात्यात असे काही घडले आहे का, हा प्रश्न भूल देण्यापूर्वी प्रत्येक घरी विचारला गेलाच पाहिजे, कारण आई किंवा वडिलांत दोष असल्यास तो अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

निदान आधी झाले असेल तर भूल बरीच सुरक्षितपणे देता येते. उलटी थांबवणारे ऑन्डॅनसेट्रॉन आणि हुंगवण्याचे सेव्होफ्लुरेन ही आम्हा भूलतज्ज्ञांची रोजची औषधे क्यूटी लांबवतात, म्हणून ती टाळून प्रोपोफॉलसारखा पर्याय घेता येतो. रक्तातील पोटॅशियम आधी तपासावे लागते. रुग्ण घाबरू नये, गारठू नये आणि श्वासनलिकेत नळी घालताना भूल उथळ राहू नये, याची काळजी घ्यावी लागते. शॉक देण्याचे यंत्र शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच जोडून ठेवावे, आणि पुढे शुद्धीवर येतानाही मॉनिटर काढू नये. एक गोष्ट नातेवाइकांनी विशेष लक्षात ठेवावी : ‘उपाशीपोटी या’ असे सांगितले म्हणून बीटा ब्लॉकरची, म्हणजे या विकारात लय बिघडू नये म्हणून रोज घ्यायची, सकाळची गोळी पुष्कळदा चुकते. ती डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते.

लय बिघडलीच तर लागणारे मॅग्नेशियम सल्फेट बाळंतिणीच्या झटक्यांसाठी ग्रामीण रुग्णालयातही ठेवलेले असते. पावसाळ्यात घाट वा रस्ता बंद पडला आणि तातडीचे सिझेरियन करावे लागले, तर कोल्हापूरचे किंवा गोव्यातील बांबोळीचे मोठे रुग्णालय गाठता येत नाही. तेव्हा रुग्णाच्या पिशवीतला जुना ईसीजी आणि निदानाची चिठ्ठी हाच आमचा मोठा आधार असतो.

जन्मतः बहिऱ्या मुलांबाबत मात्र अजिबात हयगय नको. बहिरेपण आणि लाँग क्यूटी यांची सांगड जर्व्हेल व लँग-नील्सन या डॉक्टरांनी १९५७ मध्येच दाखवून दिली. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू येण्यासाठी कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवायचे यंत्र) अशा मुलांना भूल द्यावी लागते, म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत बहिरेपण आढळताच त्या मुलाचा ईसीजी काढून क्यूटी मोजून घ्यावी आणि घराण्यातील आकस्मिक मृत्यूंचा रकाना शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीपत्रात घालावा, अशी रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या आरोग्य यंत्रणेला माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ, रत्नागिरी जिल्हा