आरटीओत गाडीच्या पासिंगला (तपासणीला) भेटलेल्या टेम्पोवाल्या काकांचे मनापासून आभार

२०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि आमची ओमनी टपापर्यंत पाण्यात गेली. गाळ काढून, वायरिंग बदलून, दुसरं इंजिन बसवून गाडी उभी केली, पण इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवावा लागतो, नाहीतर गाडी आणि कागद जुळतच नाहीत.

इंजिनाचं बिल होतं, पण पासिंगला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, गंजामुळं वाचताच येईना. नंबर दिसल्याशिवाय सही नाही असं आरटीओचे साहेब म्हणाले, ते बरोबरच होतं. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात मागचे टेम्पोवाले काका स्वतःची रांग सोडून आले, डिझेलचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन गाडीपाशी बसले आणि एकेक आकडा मोकळा करत गेले, जोरात घासलं तर आकडाच जातोय बघ बाळा म्हणत. मग वर कागद दाबून पेन्सिल फिरवली आणि अख्खा नंबर स्वच्छ उमटला! पैसे घेतले नाहीत, चहालाही थांबले नाहीत.

आरसी आली, बाबा परत गाडी चालवायला लागलेत. काका, तुमचं नाव माहीत नाही, पण हे वाचलंत तर घरी जेवायला याच, तांबडा-पांढरा आमच्याकडनं.