पावसाळ्यात लहान पोरांना बूट नकोत, सँडल चालू द्या

मा. संपादक,

जून तोंडावर आलाय आणि शाळांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्यात. त्यात दरवर्षीचीच ओळ, काळे लेदर शूज, पांढरे मोजे, कंपल्सरी. पहिलीतल्या पोराला तेच आणि दहावीतल्याला पण तेच. माझं म्हापशाच्या बाजारात चपला-बुटांचं दुकान आहे, ही ओळ काढली तर माझाच खप थोडा कमी होणार, तरी लिहितोय, कारण लहान मुलांचे पाय मी रोज बघतो.

मुलांच्या बुटांबद्दल जुनं काही मिळालं की मी वाचत असतो, आणि त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मनीने मला फार विचार करायला लावला. त्याआधी तिथल्या मुलांचा ठरलेला जोड म्हणजे घोट्याच्या वर जाणारा लेसचा बूट, मुलगा असो की मुलगी. शाळेच्या पहिल्या दिवसाचे जुने फोटो बघा, हातात खाऊने भरलेला कागदाचा भलामोठा कोन, तिकडची पद्धतच आहे ती, आणि पायात तेच उंच बूट, खेड्यातल्या पोरांच्या सोलला तर खिळे ठोकलेले, झिजू नये म्हणून. समज असा की लहान मुलाचा घोटा कच्चा असतो, बुटाने आवळून धरला नाही तर पाय वाकडा होणार.

मग पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटिशांनी समुद्रातून येणारा माल अडवला, होतं नव्हतं ते चामडं सैन्याच्या बुटांना गेलं आणि मुलांच्या वाट्याला लाकडी सोल आले. लाकूड वाकत नाही, पाऊल टाकताना अख्खा पाय एकदम उचलावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात पोरं सरळ अनवाणीच हिंडायची. युद्ध संपलं तरी हाल संपले नाहीत, नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क असा भाव होता, त्या बाजारात वाढत्या पायाला नवा जोड आणायचा कुठून? मोठ्याचा बूट धाकट्याला, सैल झाला तर पुढे कागद कोंबायचा.

त्यानंतर पैसा जरा स्थिरावला तेव्हा जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सगळं परत जुन्या बुटावर गेलं असतं, पण गेलं नाही. उघड्यावर हिंडणं, ऊन-वारा अंगावर घेणं ही तिकडे मोठी चळवळच होती, बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झला 1901 मध्ये वांडरफोगेल नावाची तरुण पोरांची संघटना निघाली होती, तिथून ती पसरत गेली. मुलांच्या हाफ पँटी आल्या, गुडघे उघडे झाले आणि पायात सँडल आली. पातळ सोल, वर एक-दोन पट्टे, बाजूला बकल, काहींना पुढचा भाग बंद पण त्यात भोकांची नक्षी म्हणजे हवा खेळती. मुलींना रविवारी पेटंट लेदरचा चकाकता एका पट्ट्याचा शूज. थंडीत लेसचे बूट होतेच, बव्हेरियात चामड्याच्या हाफ पँटवर जाड सोलचे हाफर्ल शूज होते, उत्तरेकडच्या खेड्यात लाकडी खडावांसारखे जोड होते, पण ऋतू बघून पायातलं बदलायचं हे रुजलं. हेर्मान मायर नावाच्या झुरिचच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1858 च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की बूट पायाच्या आकाराचा हवा, अंगठ्याची रेघ मागे टाचेच्या मधोमध यायला हवी. फॅशनला ते ऐकायला बरीच वर्षं लागली, आणि आपल्याकडचे टोकाला निमुळते होणारे शाळेचे बूट हातात घेतले की अजूनही ऐकलेलं दिसत नाही.

सगळंच चांगलं झालं असं मी म्हणत नाही. त्याच काळात दुकानांतून मुलांचे पाय एक्स-रे मशीनमध्ये घालून बूट बसतो का ते बघायची टूम निघाली, पोरं गंमत म्हणून परत परत पाय घालायची, किरणांचा धोका कळून ती मशिनं बंद व्हायला कित्येक वर्षं गेली. आणि 1937 मध्ये सालामांडर कंपनीने लुर्ची नावाच्या, पायात बूट घातलेल्या सरड्यासारख्या प्राण्याची चित्रपुस्तकं दुकानात फुकट वाटायला सुरुवात केली, पोरांना ती प्रचंड आवडली, पण ही कंपनी उभी करणाऱ्यांत लेवी हे ज्यू कुटुंब होतं आणि नाझींच्या राज्यात त्यांना मालकी सोडावी लागली, हे वाचल्यावर ती गोड चित्रं मला पूर्वीसारखी बघवत नाहीत. 1936 च्या कायद्याने तर सगळ्या मुलांना हिटलर युथमध्ये ओढलं, परत कवायत, परत बूट. ऑगस्ट 1939 संपता संपता बूट घ्यायलासुद्धा परवाना लागायला लागला.

आता आपल्याकडे या. गोव्यात जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो हे मी सांगायला नको. पोर घरातून निघून बसमध्ये चढेपर्यंत बूट आतून भिजलेला, मग दुपारपर्यंत तोच ओला मोजा, तोच बंद रेक्झिनचा बूट, पाय अक्षरशः शिजतात. ऑगस्टमध्ये दुकानात मोजा काढला की बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटक, चिखल्या झालेल्या, कातडं सुटलेलं, पोर हात लावू देत नाही. आई म्हणते मास्तर सँडल चालवून घेत नाहीत, मी काय बोलणार. वर पुढच्या वर्षीही चालावा म्हणून दोन नंबर मोठा मागतात, ओल्या मोज्यात तो पाय आत सरकत राहतो आणि टाच सोलवटते. पोराला उभं करून बघा, अंगठ्यापुढे साधारण एका बोटाच्या रुंदीइतकी जागा राहिली की पुरे.

काही शाळा पावसाळ्यात सँडल चालवून घेतात, त्यांचं खरंच कौतुक. बाकीच्यांनी निदान चौथीपर्यंत तरी, मागे पट्टा असलेली, न घसरणाऱ्या सोलची सँडल विनामोजे घालू द्यावी. शिस्त दिसायला हवी तर रंग काळाच ठेवा, काळ्या सँडल मिळतात. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये हा विषय घ्या, आणि पुढच्या वर्षीसाठी यादीतली ओळ फेब्रुवारी-मार्चमध्येच बदला, कारण आम्ही दुकानदार शाळेच्या मालाची ऑर्डर एप्रिलच्या आत देऊन टाकतो, त्यानंतर यादी बदलली तर बाजारात सँडल कमी आणि बूट पडून अशी गत होते.

आपला,
एक पादत्राणे विक्रेता, म्हापसा