काकोडकरांच्या कादंबऱ्या रद्दीत घालू नका

संपादक महोदय,

‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. समीक्षकांनी नाके मुरडली म्हणून असा लोकप्रिय प्रणयकादंबरीकार विसरणे अन्यायाचे आहे.

सोलापुरातील वाचनालयांना कळकळीची विनंती: त्यांच्या जुन्या प्रती जीर्ण म्हणून काढू नका. स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पाने तपकिरी होऊन कडा मोडतात, पुठ्ठ्यामागचा सरसही तडकतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच लावू नये. त्याचा चिकटा कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ करून जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) अरुंद पट्टी लावावी, टिपकागदात दाबून वाळवावी. ठिसूळ प्रतीला कडेने यंत्राची शिलाई घालू नये, पान उलटताना त्याच रेषेवर तुटते. पुन्हा बांधणीला देण्याआधी स्कॅन करून घ्यावे, मुखपृष्ठासकट.

– एक वाचक, सोलापूर