मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून का? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एजन्सीमार्फत नेमलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या पगारातील कपाती आणि दरपत्रक.

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. निर्णय गेला, पण एजन्सीमार्फत नेमणुका थांबल्या नाहीत. डेटा एन्ट्री ऑपरेटर, वाहनचालक, शिपाई, सफाई कामगार आजही कचेरीत राबतात आणि पगार मात्र ठेकेदाराकडून घेतात. कंत्राटी पद्धत असावी की नसावी हा वाद या पत्रात नाही. ती आहे तोवर कापलेला प्रत्येक रुपया कुठे गेला, हे कामगाराला कळले पाहिजे. आज ते कळत नाही, कारण त्याच्या हाती पगारचिठ्ठी असते (असलीच तर), आणि दरपत्रक, म्हणजे कचेरी एजन्सीला माणसामागे काय देते त्याचा तक्ता, कचेरीच्या फायलीत असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चोरी पाच मिनिटांत दिसते.

हिशेबासाठी एक पुरुष कर्मचारी घेऊ. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,००० रुपये, त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता ७५०, एकूण १५,७५०. त्याच्याकडून कायद्याने कापायचे ते इतके : भविष्य निर्वाह निधी १५,००० च्या १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) १५,७५० च्या ०.७५ टक्के म्हणजे ११९ रुपये, व्यवसाय कर २०० रुपये. हातात १३,६३१.

आता कचेरी एजन्सीला काय देते ते पाहा. एकूण वेतन १५,७५०. मालकाचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ), त्याचे प्रशासकीय शुल्क आणि पीएफला जोडलेला विमा धरून १५,००० च्या १३ टक्के, म्हणजे १,९५०. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ५१२. बोनसची तरतूद १५,००० च्या ८.३३ टक्क्यांनी १,२५०. बेरीज १९,४६२. एजन्सीचे सेवाशुल्क ५ टक्के धरले तर ९७३. जिथे जीएसटी लागू आहे तिथे तो १८ टक्क्यांनी या सगळ्यावर लागतो, पगारावरसुद्धा. तो ३,६७८. देयक झाले २४,११३ रुपयांचे.

२४,११३ आणि १३,६३१ यांतला फरक १०,४८२ रुपये. हा सगळा एजन्सीने खाल्ला असे कामगाराला वाटते. ते खरे नाही. यातले बरेचसे त्याच्याच पीएफ खात्यात, विम्यात आणि सरकारच्या तिजोरीत जायचे आहे. खरी लबाडी या फरकाच्या आत दडलेली असते, म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालते.

सर्वांत मोठी लबाडी अशी. चिठ्ठीवर लिहिलेले असते : पीएफ ३,७५०, ईएसआय ६३१, व्यवसाय कर २००. हातात ११,१६९. ३,७५० म्हणजे १५,००० च्या २५ टक्के, अर्थात कामगाराचे १२ आणि मालकाचे १३ दोन्ही. ६३१ म्हणजे ४ टक्के, तेही दोघांचे. मालकाचा हिस्सा कचेरीने देयकातून आधीच दिलेला असतो. एजन्सी तोच पुन्हा कामगाराकडून वसूल करते. विचारले तर उत्तर ठरलेले : "तुझा सीटीसीच (माणसामागचा एकूण खर्च) तेवढा आहे, त्यातूनच जाणार." १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेचा परिच्छेद ३१ याला सरळ नाही म्हणतो. करारात काहीही लिहिलेले असले तरी मालकाचा हिस्सा पगारातून कापता येत नाही आणि अन्य मार्गानेही वसूल करता येत नाही. राज्य विमा कायद्यातही तीच मनाई आहे. कामगाराने संमतीपत्रावर सही केली असली तरी फरक पडत नाही.

एका माणसामागे हे महिन्याला २,४६२ रुपये झाले. चाळीस माणसांच्या कंत्राटात ९८,४८०, वर्षाला ११ लाख ८१ हजारांच्या वर. त्याच चाळीस माणसांवर ५ टक्क्यांचे प्रामाणिक सेवाशुल्क महिन्याला ३८,९२० होते. सेवाशुल्क शून्याच्या आसपास टाकणाऱ्या एजन्सीला कंत्राट कसे परवडते, हा प्रश्न निविदा उघडणाऱ्या समितीला पडायला हवा. त्याचे उत्तर कामगाराच्या चिठ्ठीवर असते. सर्वांत कमी सेवाशुल्काला काम देण्याची पद्धत प्रामाणिक ठेकेदाराला पहिल्याच फेरीत बाहेर काढते.

या एजन्सीने पैसे भरले तरी का, हे तपासण्यासाठी कचेरी काय मागते? चलन, म्हणजे भरणा केल्याची पावती. चलनावर फक्त बेरजा असतात, आणि त्या एजन्सीच्या सगळ्या ठिकाणच्या माणसांच्या मिळून असू शकतात. एकच चलन तीन कचेऱ्यांच्या देयकांना लागलेले असले तरी लेखा शाखेला ते ओळखता येत नाही. मागायला हवे ते ईसीआर, म्हणजे माणसागणिक भरणा दाखवणारे विवरण. त्यात यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफसाठी धरलेले वेतन आणि बिनपगारी दिवस असतात. हा शेवटचा रकाना नीट पाहावा. देयकात २६ दिवसांची हजेरी आणि ईसीआरमध्ये ८ दिवस बिनपगारी, अशी जोडी सापडली की आणखी काही शोधायला नको. दुसरी खूण म्हणजे १५,००० चे वेतन ७,५०० मूळ आणि ७,५०० "इतर भत्ते" असे फोडून पीएफ निम्म्यावर आणणे. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफच्या हिशेबात धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले आहे.

कामगाराने स्वतः पाहायचे तर पासबुकात वरच्या उदाहरणातल्या तीन रकमा दिसल्या पाहिजेत : त्याचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. मालकाच्या १,९५० मधले उरलेले १५० रुपये प्रशासकीय शुल्क आणि विम्याचे असतात, ते पासबुकात दिसत नाहीत, त्यावरून भांडू नये. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. अडचण अशी की यूएएनला मोबाइल पर्यवेक्षकाचा जोडलेला असतो. एजन्सी बदलली की जुना यूएएन पुढे न चालवता नवा काढतात. माणूस त्याच खुर्चीवर, त्याच संगणकासमोर, आणि पाच वर्षांत त्याची तीन पीएफ खाती. पैसे काढायला गेल्यावर नावाचे स्पेलिंग एकात वेगळे, जन्मतारीख दुसऱ्यात वेगळी निघते.

किरकोळ कपातींनीही खिसा रिकामा होतो. कचेरी एजन्सीच्या देयकातून प्राप्तिकराची उद्गम कपात (टीडीएस) करते. तो एजन्सीच्या उत्पन्नावरचा कर आहे. काही ठेकेदार तेच २ टक्के "टीडीएस" म्हणून कामगाराकडून काढतात. वर्षाला १ लाख ८९ हजार मिळवणाऱ्याला कसला प्राप्तिकर? महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलेला महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तरी २०० रुपये कापलेले दिसतात. फेब्रुवारीत ३०० कापले तर मात्र ते बरोबर आहे, वर्षाचे २,५०० तसेच पुरे होतात. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबर असा वर्षातून दोनदाच कापायचा, दरमहा नाही. गणवेशाची रक्कम दरपत्रकात धरलेली असेल तर ती पगारातून काढणे म्हणजे एकाच शर्टाचे दोनदा पैसे.

बोनसचे १,२५० रुपये दरमहा देयकात येतात आणि दिवाळीला मिठाईचा पुडा मिळतो. वर्षाचे १५,००० झाले. कंत्राट संपले, एजन्सी गेली, की कोणाकडे मागायचे हे कामगाराला ठाऊक नसते. खरे तर उत्तर सोपे आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा घ्या किंवा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहिता घ्या, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या आस्थापनेवर येते, आणि तिने ते ठेकेदाराकडून वसूल करायचे असते. पीएफचेही तसेच आहे. "तो एजन्सीचा माणूस आहे, आमचा नाही," असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने हे एकदा वाचावे.

तेव्हा मागणे थोडे आणि नेमके आहे. मान्य दरपत्रक कचेरीच्या फलकावर मराठीत लागावे आणि त्याची प्रत नेमणुकीच्या दिवशी कामगाराला मिळावी. देयक मंजूर करताना आहरण व संवितरण अधिकाऱ्याने तीन कागद जुळवावेत : हजेरीपट, बँकेत पगार जमा झाल्याची यादी आणि त्याच माणसांचा ईसीआर. पगार ७ तारखेपर्यंत आणि पीएफचा भरणा १५ तारखेपर्यंत व्हायचा असतो, म्हणून चालू महिन्याच्या देयकाला मागच्या महिन्याचा ईसीआर जोडण्याची अट घालावी, म्हणजे "अजून भरायचे आहे" ही सबब उरत नाही. अनुदान आले नाही म्हणून देयक तीन महिने अडकवून ठेवणाऱ्या कचेऱ्यांनाही जाब विचारावा, कारण तेवढे पैसे अंगावर घेऊ शकणारा ठेकेदार ते कुठून भरून काढतो हे वर आलेच आहे. बोनस आणि शिल्लक रजेचे पैसे खात्यात गेल्याशिवाय ठेकेदाराची सुरक्षा अनामत सोडू नये. आणि सेवाशुल्काला किमान मर्यादा असावी, तिच्याखालची निविदा उघडतानाच बाद व्हावी.

सोबत वरच्या उदाहरणाची पगारचिठ्ठी नमुना म्हणून जोडली आहे. डाव्या रकान्यात कामगाराच्या कपाती आहेत, उजव्यात कचेरीने एजन्सीला दिलेल्या रकमा. उजव्या रकान्याचा मथळा तेवढा ठळक अक्षरांत छापावा : "मालकाचा हिस्सा, पगारातून कापलेला नाही."

आपले,
कंत्राटी कामगारांची पगारपत्रके तपासणारे काही लेखापाल व कामगार कायद्याचे सल्लागार